चूल फुंकणाऱ्या आईचा श्वास
(महिला मेळाव्यात केलेले भाषण)



हवेचे प्रदूषण म्हटले की आपल्याला दिल्ली-मुंबई आठवते. सातपुड्याच्या पायथ्याची हवा शुद्ध, असे मीही मानत होते. मग जळगाव जामोद तालुक्यातील एका आदिवासी वस्तीवर सारख्या खोकणाऱ्या एका मावशीला मी विचारले, "बिडी ओढता का?" ती म्हणाली, "बिडी नाही ताई, म्या तं जन्मभर चूलच फुकली." मला माझ्या प्रश्नाची लाज वाटली.

बिनखिडकीच्या झोपडीत पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या जळतात. त्या धुरातले केसापेक्षा कितीतरी बारीक कण फुप्फुसात खोलवर जातात आणि श्वासनलिकांना सूज आणतात. लहान मुलांना न्यूमोनिया होतो, आयांना जुनाट दमा जडतो. जगात आजही सुमारे 210 कोटी लोक लाकूड, शेण, कोळसा, रॉकेल यांवर रांधतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 साली घरातल्या धुराने सुमारे 32 लाख माणसे दगावली. त्यांत पाच वर्षांखालची 2 लाख 37 हजारांहून अधिक बालके होती.

उज्ज्वला योजना 2016 साली आली आणि सिलिंडर अनेक घरांत पोहोचला. मावशीच्या घरीही तो होता, पण कोपऱ्यात, रिकामा. सरपण जंगलातून फुकट मिळते. सिलिंडर भरायला मात्र रोख पैसे लागतात आणि मजुरी रोज मिळत नाही. म्हणून "गॅस असून वापरत नाहीत" असा दोष कोणी देऊ नये.

मग आपण काय करावे? उघडीप असेल तेव्हा चूल अंगणात मांडायला सांगावे. सरपण वाळलेलेच वापरावे. घरातल्या चुलीवर धुराडे बसवावे आणि त्यातली काजळी काढत राहावी, नाहीतर धूर पुन्हा घरातच कोंडतो. तान्हे बाळ चुलीजवळ निजवू नये. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर धुराचाच म्हणून सोडू नये; सरकारी दवाखान्यात थुंकीची मोफत तपासणी करून घ्यावी, कारण तो क्षयही असू शकतो.

आणि मंडळीला माझी एक विनंती आहे. सणाला आपण साड्या वाटतो. यंदा पावसाळ्याच्या चार महिन्यांत, जेव्हा सरपण ओले असते आणि चूल बाहेर नेता येत नाही, तेव्हा एकेका कुटुंबाने एका घराचा सिलिंडर भरून द्यावा.

देवाने मातीच्या माणसात श्वास फुंकला, असे आपण मानतो. तो श्वास चुलीपाशी कोंडत असेल, तर आपण गप्प कसे बसावे?