पाण्यातली कावीळ, मांसातली कावीळ





2008 साली 80 रात्रींची सफर करून आलेल्या एका ब्रिटिश प्रवासी बोटीवरच्या चौघांना हिपॅटायटिस ई, म्हणजे विषाणूमुळे होणारी एक कावीळ, झाल्याचं निघालं. मग 789 जणांचं रक्त तपासलं. 33 जणांना नुकतीच लागण झालेली होती, आणि त्रास जाणवला होता फक्त 11 जणांना. संशय गेला बोटीवर खाल्लेल्या कवचाच्या मासळीवर. विषाणू मात्र तिसऱ्या जनुकीय प्रकारचा होता, युरोपातल्या डुकरांत सापडतो तोच.

आपल्या मनात कावीळ म्हणजे पाणी. दिल्लीची 1955-56 ची साथ यमुनेत मिसळलेल्या सांडपाण्याची; 2012 ची इचलकरंजीची साथही दूषित पाण्याचीच. साथीची बातमी आली की माझी आई पाणी उकळायला ठेवायची, आणि तिचं बरोबरच होतं. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत डॉ. विद्या अरणकल्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांना भारतातल्या रुग्णांत पहिला प्रकार मिळाला, डुकरांत चौथा. डुकरं वस्तीत फिरत होती, त्यांच्यात विषाणूही होता, तरी माणसांच्या साथीशी धागा जुळला नाही. हे काम मला फार मोलाचं वाटतं. सहज सुचणाऱ्या संशयावर ते थांबलं नाही.

इथे ब्रिटनमध्ये मात्र डुकरं आणि माणसं यांच्यात तो धागा जुळतो. 2012-13 मध्ये आग्नेय इंग्लंडमधल्या सव्वादोन लाख रक्तदानांची चाचणी झाली. 79 पिशव्यांत हाच तिसऱ्या प्रकारचा विषाणू सापडला. 2017 पासून ब्रिटनमध्ये दान केलेलं सगळं रक्त तपासलं जातं. धडधाकट माणूस बहुधा आपोआप बरा होतो, पण मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाच्या यकृतात हा विषाणू मुक्काम ठोकू शकतो. म्हणून आपल्या घरांतून इकडे शिकायला आलेल्या मुलांना ‘पाणी उकळून पी’ एवढंच सांगून भागत नाही. डुकराच्या मांसाचं सॉसेज आतपर्यंत शिजलंय का, हेही विचारायला हवं.

इथे साउथहॅम्प्टनशेजारच्या न्यू फॉरेस्टमध्ये शरदात डुकरं मोकळी सोडतात. ओकची हिरवी फळं ती वेचून खातात, त्यामुळे घोड्या-गुरांना विषबाधेचा धोका कमी होतो. पाळणाऱ्यांचा त्यांच्यावर जीव असतो. पण लागण झालेलं डुक्कर आजारी दिसत नाही, त्यामुळे नुसत्या नजरेनं पाळणाऱ्याला काही कळत नाही, आणि रुग्णासमोर बसलेल्या डॉक्टरला डुक्कर आठवत नाही.

म्हणूनच या सभागृहात पशुवैद्यकांच्या आणि डॉक्टरांच्या खुर्च्या आम्ही मुद्दाम एकाआड एक मांडल्या आहेत. पहिलं सत्र पशुवैद्यकांचं आहे. या, बसा.