पडद्याचे मोल आणि धानाचा भाव
(गोंदिया जिल्ह्यातील कार्यकर्त्यांपुढे झालेले भाषण)



संगणकावरील खेळांसाठी निघालेल्या अद्ययावत मॉनिटरची किंमत हा समाजवादी कार्यकर्त्यांच्या चिंतनाचा विषय व्हावा, याचे अनेकांना नवल वाटेल. धानखरेदीचा आणि तेंदूपत्त्याच्या मजुरीचा प्रश्न समोर असताना श्रीमंतांच्या मुलांची ही चैन चर्चेत कशाला आणायची, असा आक्षेप येईल. आक्षेप प्रामाणिक आहे, पण अपुरा आहे.

किंमत केवळ रुपयांत सांगितली की ती कोणाला परवडते हे झाकले जाते. 1963 साली लोकसभेत डॉ. राममनोहर लोहिया यांनी राष्ट्रीय उत्पन्नाचे मोठे आकडे बाजूला सारून, सामान्य माणसाच्या वाट्याला रोज तीन आणे येतात की पंधरा, हा वाद उभा केला. तोच गज येथे लावावा. वरच्या प्रतीचा ओलेड मॉनिटर आज नव्वद हजारांच्या घरात जातो. काही लाखाच्याही वर आहेत. 2025-26 च्या खरिपात साधारण धानाचा आधारभूत भाव क्विंटलला 2369 रुपये होता. म्हणजे एका पडद्यासाठी 38 क्विंटल धान! त्याच वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी रोज 312 रुपये होती. त्या हिशेबाने हे 288 दिवसांचे श्रम होतात. तेव्हा हमी वर्षाला 100 दिवसांची होती. म्हणजे जवळजवळ तीन वर्षांची हमी एका पडद्यात संपत होती.

मग ही चैन म्हणून सोडून द्यावी काय? तसे करता येत नाही, कारण शासनानेच या खेळाला क्रीडेचा दर्जा दिला आहे. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत ई-क्रीडेसाठी पदके ठेवली गेली. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि त्याच कायद्याने ई-क्रीडेला मान्यता दिली. कबड्डीला मैदान पुरते. या क्रीडेत मात्र साधनाची किंमत हेच प्रवेशशुल्क ठरते. सालेकसा किंवा देवरीच्या मुलाची बोटे कितीही चपळ असोत, तो दाराबाहेरच राहतो.

तथापि किमतीची बाराखडी नीट वाचली पाहिजे. साधा पडदा सेकंदाला 60 वेळा चित्र बदलतो. एक चित्र सुमारे 16.7 मिलिसेकंद टिकते. 144 वेळा बदलणाऱ्या पडद्यावर हा अवधी 7 मिलिसेकंदांवर येतो. ही जवळजवळ 10 मिलिसेकंदांची बचत दहा-बारा हजारांच्या मॉनिटरमध्ये मिळते. पुढे 240 वरून 480 वर जाताना मात्र जेमतेम 2 मिलिसेकंद वाचतात, आणि पैसे कितीतरी पट पडतात. पहिली पायरी उपयोगाची, शेवटची बव्हंशी प्रतिष्ठेची. बाजार ही शेवटची पायरीच गरज म्हणून विकतो.

या वस्तूचे काचपटल चीन, कोरिया व तैवान येथील मोजक्या कंपन्यांच्या हाती आहे. 2016 मध्ये वेदान्त समूहाने महाराष्ट्रात पटलांचा कारखाना काढण्याची घोषणा केली. तो उभा राहिला नाही. डिसेंबर 2021 मध्ये केंद्राने अर्धवाहक व पटलनिर्मितीसाठी 76,000 कोटींची योजना मंजूर केली, तरी पटलांसाठी परदेशाकडे पाहणे सुटलेले नाही. किंमत तेथे ठरते, येथे फक्त मोजली जाते. शिवाय या पडद्यावरचा 18 टक्के वस्तू व सेवा कर गिरणीमालकाला आणि हमालाला सारखाच.

लोहियांच्या ‘दाम बांधो’च्या मागणीत कारखान्यातील मालाची विक्रीकिंमत उत्पादनखर्चाच्या दीडपटीपलीकडे जाऊ नये, असे सूत्र होते. कारखानाच परदेशी असताना ते सूत्र एकट्याने पुरणार नाही. त्याला सामुदायिक मालकीची जोड हवी. प्रत्येकाने ग्रंथ विकत घ्यावा असे महाराष्ट्राने कधी म्हटले नाही. 1967 चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा केला. झाडीपट्टीतही मंडईच्या दिवसांत नाटक एका घरासाठी होत नाही, गावासाठी होते.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत ग्रंथालयात किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत दहा संगणकांचे एक दालन असावे. दिवसा शिक्षण, सायंकाळी खेळ. बारा हजारांप्रमाणे 80 मॉनिटरना 9 लाख 60 हजार रुपये लागतील. नव्वद हजारांचे अकरा पडदेही एवढ्यात येत नाहीत. संगणकांचा व देखभालीचा खर्च वेगळा धरावा लागेल, पण तो जिल्ह्याच्या आवाक्याबाहेरचा नाही. मुलींसाठी वेळ राखून ठेवावी, अन्यथा दालन सार्वजनिक असूनही अर्धेच उघडे राहील.

तिरोड्याच्या औष्णिक केंद्राची क्षमता 3300 मेगावॅट आहे. जो जिल्हा दूरदूरचे पडदे उजळण्यासाठी वीज पुरवतो, त्याच्या मुलांनी अंधारात राहावे हे न्याय्य नव्हे. 1954 च्या पोटनिवडणुकीत ज्या भंडारा मतदारसंघाने अशोक मेहतांना लोकसभेत पाठविले, त्या परिसरातील कार्यकर्त्यांना ही मागणी ग्रामसभेपर्यंत नेणे अवघड नाही. धानाच्या भावाचा लढा सोडून हे करायचे नाही. त्याच लढ्यात हे जोडायचे आहे. पोटाबरोबर मुलांच्या कर्तृत्वाचाही विचार करणे हे समाजवादाचे जुनेच काम आहे.