नकाशावरच्या खुणा का सरकतात?

गडावर जीपीएसनं नोंदवलेलं पाण्याचं टाकं संगणकातल्या नकाशावर भलतीकडेच, दरीत दिसतं. अशा वेळी आधी बाकीच्या खुणा बघा. एकच चुकली असेल तर उंच कड्याखाली उपग्रहाचे संदेश खडकावर आदळून आले असण्याची शक्यता जास्त. सगळ्याच एका दिशेला सारख्या सरकल्या असतील, तर बहुधा डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजण्याचा पाया, जुळलेला नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्ट गोलाभ या पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या प्रारूपावर बेतलेले आहेत. जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ हा वेगळा डेटम वापरतं. पश्चिम महाराष्ट्रात त्यानं साधारण १०० मीटरचा फरक पडतो, आणि सह्याद्रीत तेवढ्यात कडा संपतो! खुणा हातानं ओढून बसवू नका. स्कॅन केलेल्या नकाशाला त्याचा मूळ डेटम नेमून द्या. रूपांतर क्यूजीआयएससारखं सॉफ्टवेअर करतं.

चूक किलोमीटरांत असेल तर आकडे तपासा. १८ अंश ३० मिनिटं म्हणजे १८.५. तिथं १८.३० लिहिलं, की खूण २२ किलोमीटर दक्षिणेला जाते. अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली तर पुणं नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात पोचतं. म्हणून फाइल उघडताना कोणता रकाना कशाचा, हे स्वतः निवडा.