पडलेल्या दाताची जागा

आज आम्ही दाताविषयी बोलणार आहोत. म्हणजे जो दात आता तोंडात नाही, त्याच्याविषयी.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका वहिनींनी अंतर्गत कर्ज मागितलं. शेळीसाठी नाही, शिलाई मशीनसाठी नाही, पोरीच्या फीसाठीही नाही. दात बसवायला. सगळ्या गप्प झाल्या आणि मग हसायला लागल्या. एक मावशी म्हणाल्या, "आता या वयात दात लावून कुठं मिरवायचंय गं तुला?" वहिनींचं वय 42. त्यांनी तोंडावरचा पदर बाजूला केला आणि म्हणाल्या, "मिरवायचं नाही मावशी, भाकरी खायचीय."

तीन वर्षांपूर्वी त्यांनी खालची एक दाढ काढली होती. तेव्हापासून बाजरीची भाकरी कालवणात कुस्करून खायची. शेंगदाणे बंद, हुरडा बंद, काकडी बंद. जे चावायचं ते एकाच बाजूनं, म्हणून आता ती बाजूही दुखायला लागली होती. त्या दिवशी आम्ही कर्ज दिलं नाही, हे खरं सांगतो. आधी चौकशी करू, असं ठरलं. दोघीजणी वहिनींबरोबर दवाखान्यात गेल्या, डॉक्टरांना नाही नाही ते विचारून आल्या. आज बोलतोय ते त्या चौकशीतलंच.

दाढ काढली की दुखणं संपलं, असं आपण धरून चालतो. पण ती जागा रिकामी राहिली की शेजारचे दात हळूहळू तिच्याकडे कलायला लागतात. समोरच्या जबड्यातला दात, ज्याला आता टेकायला कुणी नाही, तो लांब होऊन खाली उतरतो. फटींत अन्न अडकतं, शेजारचा चांगला दात किडतो. म्हणजे गेला एक आणि धोक्यात आले तीन. आणि सगळ्यात जास्त वेळा जाते ती कोणती दाढ? सहाव्या वर्षाच्या आसपास, दुधाच्या दाढांच्या मागे येते ती पहिली पक्की दाढ. पोरांची ही दाढ किडली तरी "दुधाची आहे, पडेल आणि नवी येईल" म्हणून आपण सोडून देतो. ती दुधाची नसते. ती गेली की परत येत नाही.

आता ब्रिज म्हणजे काय? ब्रिज म्हणजे पूल. ओढ्यावर फळी टाकायची तर अलीकडे आणि पलीकडे घट्ट दगड लागतो ना, तसंच. पडलेल्या दाताच्या दोन्ही बाजूंचे दात सगळीकडून थोडे घासतात. त्यांच्यावर टोप्या बसतात, आणि दोन टोप्यांच्या मध्ये खोटा दात जोडलेला असतो. तिन्ही मिळून एकच अखंड तुकडा. तो सिमेंटनं पक्का चिकटवतात, रोज काढायचा-घालायचा नसतो. घासताना भूल देतात. मग माप घेऊन ते लॅबमध्ये पाठवतात, म्हणून कमीत कमी दोन-तीन चकरा होतात. दाढ नुकतीच काढली असेल तर हिरडी भरून यायला साधारण दोन-तीन महिने थांबावं लागतं.

यात दोन गोष्टी आम्हाला आधी कळल्या नव्हत्या. एक, शेजारचे दात एकदा घासले की ते परत पहिल्यासारखे होत नाहीत. त्यांच्यावर कायम टोपी लागणार. शेजारचे दात अगदी निरोगी असतील तर डॉक्टरांना सरळ विचारा, "यांना हात न लावता काही होईल का?" इम्प्लांट म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर दात लावणं. त्यात शेजारच्याला घासावं लागत नाही, पण ते महाग पडतं. दुसरी गोष्ट पैशाची. दवाखान्यात एका दाताचा भाव सांगतात आणि आपण खूश होऊन येतो. पण जागा एका दाताची असली तरी ब्रिज तीन दातांचा असतो, आणि पैसेही तीन दातांचे लागतात. नुसता धातू, धातूवर सिरॅमिक, झिर्कोनिया असे प्रकार असतात, त्याप्रमाणे भाव वेगळा. एकूण किती, ते कागदावर लिहून घ्या. खांबाच्या दाताला रूट कॅनाल लागलं तर त्याचे पैसे वेगळे, तेही आधीच विचारा.

आता बाजारातल्या दाताची गोष्ट. आमच्यातल्याच एकीनं आठवडे बाजारात, फडक्यावर दात मांडून बसलेल्या माणसाकडून दात बसवून घेतला होता. घासणं नाही, सुई नाही, माप नाही. पूड आणि पातळ औषध कालवलं, शेजारच्या दातांना चिकटवलं, अर्ध्या तासात काम झालं. घरी सगळ्यांनी कौतुक केलं. पण तो गोळा हिरडीवरच बसलेला, त्याच्याखाली अन्न कुजायला लागलं. वास यायचा, रक्त यायचं. वर्षाच्या आत दोन्ही शेजारचे दात हलायला लागले आणि तेही काढावे लागले. तो माणूस त्या बाजारात परत दिसला नाही. दाताचं काम फक्त नोंदणी असलेल्या डॉक्टरनं करायचं, असा 1948 चा कायदा आहे. भिंतीवर नोंदणीचा दाखला लावलेला असतो. तो बघायला लाजू नका.

आणि मिसरी. हो, आम्हाला माहीत आहे, आता काही जणी रेडिओचा आवाज कमी करतील. सकाळी तव्यावर भाजलेली तंबाखू, ती बोटावर घेऊन ओट्यावर बसणं, तेवढीच काय ती दहा मिनिटं आपली स्वतःची असतात. हे आम्हीही केलंय, म्हणून टोचून बोलत नाही. 2016-17 च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या दर 100 मोठ्या बायकांपैकी 17 जणी तंबाखू वापरतात असं दिसलं. मिसरीनं दात घट्ट होतात असं आपल्या आज्या सांगायच्या. होतं उलटंच. हिरडी खाली सरकते, मुळं उघडी पडतात, दात हलतात. आणि हलणाऱ्या दातावर पूल कसा टेकणार? तोंडाच्या कॅन्सरचा धोका आहे तो वेगळाच.

वहिनींना डॉक्टरांनी तेच सांगितलं. आधी हिरड्यांचे उपचार, मिसरी बंद, रक्तातली साखर तपासायची, मगच ब्रिज. शुगर वाढलेली असली तर हिरड्या लवकर बिघडतात आणि जखम उशिरा भरते. बीपीच्या किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, दिवस गेले असतील, तर खुर्चीवर बसायच्या आधीच सांगा. वहिनींची मिसरी सुटायला दोन महिने लागले. मधे एकदा पुन्हा सुरू झाली होती. त्या काळात त्यांची चिडचिड सगळ्या घरानं सोसली.

जायचं कुठं? ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दातांचे डॉक्टर असतील तर तपासणी आणि दात काढणं तिथं होतं. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. ब्रिज मात्र तिथं होईलच असं धरू नका, आणि योजनेच्या कार्डावर होईल असंही धरू नका. आधी विचारा. आपल्या जिल्ह्यात लोणीला, संगमनेरजवळ घुलेवाडीला आणि नगरजवळ वडगाव गुप्ताला दंत महाविद्यालयं आहेत. अशा ठिकाणी शिकणारी मुलं-मुली शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, चकरा जास्त होतात, पण खर्च बाहेरच्यापेक्षा कमी येतो. एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी मात्र हिशोबात धरा.

पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडच्या ज्या मैत्रिणी ऊसतोडीला जातात, त्यांच्यासाठी खास. कोपीवर राहून ब्रिजच्या चकरा जमणार नाहीत. किडलेल्या दाताचं काय करायचं ते दसऱ्याच्या आधी उरका. पाडव्याच्या सुमारास परत याल तेव्हा हिरडी भरलेली असेल. अर्धवट घासलेले दात घेऊन कारखान्यावर जाऊ नका.

ब्रिज बसवल्यावर दात चावताना उंच लागतोय असं वाटलं तर परत जा आणि सांगा. डॉक्टर दोन मिनिटांत घासून देतात. "होईल सवय" म्हणून गप्प बसलं की जबडा दुखतो. खोट्या दाताच्या खालून रोज सफाई हवी. त्यासाठी जाड दोरा मिळतो, फटीत जाणारा बारीक ब्रश मिळतो. कसा वापरायचा ते तिथंच करून दाखवायला सांगा. खोटा दात किडत नाही, पण टोपीखालचा आपला दात किडतो. नीट जपला तर ब्रिज दहा वर्षं आणि त्याहून जास्तही टिकतो.

चार महिन्यांनी वहिनींचं कर्ज मंजूर झालं. रजिस्टरमध्ये कारण काय लिहायचं यावर पुन्हा वाद. कुणी म्हणालं 'आजारपण' लिहा, कुणी म्हणालं 'घरखर्च'. शेवटी सचिव ताईंनी 'दात' असंच लिहिलं. ब्रिज बसला. पहिले काही दिवस गार पाणी झोंबलं, मग थांबलं. यंदा वहिनींनी हुरडा खाल्ला.

हसलेल्या मावशीही मग एकदा तपासून आल्या. त्यांच्या शेवटच्या दोन्ही दाढा नाहीत. पलीकडे खांबच नाही म्हटल्यावर त्यांना ब्रिज जमत नाही. डॉक्टरांनी काढता-घालता येणारी अर्धी कवळी सुचवली आहे. मावशी म्हणतात, "रात्री दात पेल्यात ठेवायचे? नातवंडं घाबरतील." पुढच्या बैठकीत त्यांचा अर्ज येतो का, ते बघू.