जरा लांबूनच

(मंडळाच्या गणेशोत्सवात चित्रांसह केलेल्या भाषणाचा मजकूर)



अध्यक्षांनी आत्ता ओळख करून देताना आम्हाला छायाचित्रकार म्हटलं. त्यावर आमची सौ. हसली, ते पहिल्या दोन रांगांना दिसलंच असेल. आम्ही राज्य सरकारात उपयंत्री. शिक्षण सिव्हिलचा डिप्लोमा. आयुष्य गेलं ते लेव्हल बुकात आकडे मांडण्यात आणि मेजरमेंट बुकात सह्या करण्यात. आमच्याकडे लांबचं दाखवणारा एक कॅमेरा आहे आणि गेली काही वर्षं तो आम्ही नेटाने वापरतो, एवढाच आमचा अधिकार.

कॅमेऱ्याची हौस मात्र घराण्यातली. आमचे आजोबा १९५६ साली राजधानी नागपूरहून भोपाळला आली तेव्हा फायलींच्या गठ्ठ्यांबरोबर आले. इथे बसलेल्या निम्म्या घरांची हीच कथा आहे, ती पुन्हा सांगत नाही. त्यांच्यानंतर वडिलांनी आगफा क्लिक थ्री घेतला. एका रोलमध्ये फक्त बारा फोटो. त्यामुळे बटण दाबण्याआधी घरात बैठक होत असे. मोठ्या तलावावर काढलेला आमचा एक फोटो अजून आहे. वडील म्हणायचे, मागे बघ, पाण्यात पक्षी आहेत. फोटोत बघावं तर तीळ सांडल्यासारखे सात-आठ ठिपके. ते ठिपके कोणाचे, हा प्रश्न आमच्या डोक्यात तेव्हापासून होता.

२०१६ साली डी.ए.चा एरिअर हातात आला आणि दसऱ्याला आम्ही दुकानात गेलो. दुकानदार आम्हाला लेन्स बदलण्याचा मोठा कॅमेरा दाखवत होता. आम्ही विचारलं, याच्यात तलावाच्या पलीकडचा बगळा येईल का? तो म्हणाला, येईल, पण त्याची लेन्स वेगळी घ्यावी लागेल. त्या लेन्सची किंमत ऐकून सौ.ने आमचा कोपर धरला. शेवटी घेतला तो नायकॉनचा कूलपिक्स पी ९००. चाळीस हजारांच्या आसपास. "अहो, एवढ्यात चांगला फ्रीज आला असता," हे वाक्य पुढे वर्षभर ऐकलं. जुना फ्रीज अजून चालू आहे, हे नमूद करतो.

आता थोडं तांत्रिक. मुलांना कंटाळा येणार नाही, मोठ्यांना आला तर त्यांनी क्षमा करावी. या कॅमेऱ्याचा झूम ८३ पट आहे, आणि तो खरा म्हणजे ऑप्टिकल झूम आहे. भिंगं आत-बाहेर सरकतात आणि लांबचं चित्र मोठं होऊन पडद्यावर येतं. मोबाईलवर दोन बोटं ताणून आपण करतो तो डिजिटल झूम. त्यात नवीन काही दिसत नाही, आहे तेच ताणलं जातं. खात्यात आम्ही जुन्या नकाशाची झेरॉक्स मोठी करतो तसं: रस्ता रुंद दिसतो, पण नवी गल्ली सापडत नाही.

पूर्ण झूम केला की ३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशोबाने ही लेन्स २००० मिलिमीटरची होते. तेवढी खरी लेन्स उचलायला दोन माणसं लागली असती. मग हे ९०० ग्रॅममध्ये कसं बसलं? गंमत सेन्सरमध्ये आहे. चित्र ज्यावर उमटतं तो तुकडा आहे जेमतेम सहा मिलिमीटर रुंद, करंगळीच्या नखाहून लहान. ताटली लहान म्हणून वाढणंही लहान. खरी फोकल लेन्थ फक्त ३५७ मिलिमीटर आहे. पण लहान ताटलीत प्रकाशही थोडाच मावतो. ढग आले, संध्याकाळ झाली की चित्रात रवा पडतो, पक्षी उपम्यात बसल्यासारखा दिसतो. फुकट काही मिळत नाही. आम्ही सरकारी माणसं, आम्हाला हे पटकन कळतं.

पूर्ण झूमला चित्राची रुंदी सुमारे एक अंश असते. म्हणजे शंभर मीटरवर पावणेदोन मीटरचा तुकडा. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. एवढ्या छोट्या खिडकीतून पक्षी शोधणं म्हणजे बोरूच्या नळीतून आकाश बघणं. पहिले दोन महिने आमच्याकडे निव्वळ फांद्यांचे फोटो होते. मग कळलं, आधी लांबचं मोठं चित्र धरायचं, पक्षी मधोमध घ्यायचा आणि मग हळूहळू झूम करायचा. लेन्सच्या बाजूला एक बटण आहे, ते दाबलं की क्षणभर मागे येता येतं, सोडलं की परत पुढे. हात हलू नये म्हणून कॅमेऱ्यात सोय आहे, पण आमचा भरवसा सौ.ने जुन्या जीन्सच्या पायाची शिवलेली, राजमा भरलेली उशी हिच्यावर. गाडीच्या काचेवर ठेवली की काम झालं.

आणखी एक धडा नोकरीमुळे सोपा गेला. दुपारी लेव्हल लावली आणि नजर जमिनीला घासून गेली की स्टाफवरचे आकडे नाचायला लागतात, हे सर्व्हे केलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. तापलेल्या हवेचा खेळ. कॅमेऱ्याचं तेच. लोक दुपारी बोट क्लबवर उभे राहून तकिया टापूचा फोटो काढतात आणि कॅमेऱ्याला दोष देतात. सकाळी नवाच्या आत या, थंडीत या, तोच टापू कोरल्यासारखा येतो.

तर पहिल्याच हिवाळ्यात वनविहारच्या काठावरून ते ठिपके उलगडले. काळाभोर पक्षी, कपाळावर पांढराशुभ्र टिळा. मारुती चितमपल्लींचा पक्षिकोश काढून बसलो. नाव निघालं वारकरी! भोपाळच्या तलावात थंडीत वारकऱ्यांची दिंडी पोहत असते आणि आपल्याला पत्ता नाही. आईला दाखवलं. तिची नजर मोतिबिंदूने गेल्यासारखीच होती, पण कॅमेऱ्याच्या पडद्याशी नाक लावून तिने टिळा बघितला आणि चक्क हात जोडले.

याच आईने पुढच्या वर्षी आम्हाला झापलं. २०१७ची गणेश चतुर्थी, २५ ऑगस्ट. संध्याकाळी ढग जरा फाटले आणि पश्चिमेला चंद्राची कोर दिसली. आम्ही उशी आणि कॅमेरा घेऊन गच्चीवर. खाली आरतीची तयारी चाललेली. जिन्यातून आईचा आवाज आला, "काहून रे, चवथीचा चंद्र पाहून राहिला? चोरीचा आळ येईल." आम्ही म्हटलं, आई, आम्ही चंद्र कुठे बघतोय, पडदा बघतोय. तिने स्यमंतक मण्याची गोष्ट सुरुवातीपासून ऐकवली. कृष्णालासुद्धा सुटला नाही तो आळ, तू तर सरकारी नोकर. फोटो मात्र छान आला होता. काळ्या-उजेडाच्या सीमेवर विवरांच्या कडा, खडीच्या ढिगावर तिरपं ऊन पडावं तशा.

गच्चीचा विषय निघालाच आहे तर सांगतो, आमच्या घरी एक नियम आहे. गच्चीवर कॅमेरा क्षितिजाच्या खाली येत नाही. शेजाऱ्यांच्या खिडक्या, दोरीवरचे कपडे, समोरची गच्ची, काही नाही. नियम सौ.चा. २००० मिलिमीटरमधून काय काय दिसू शकतं हे समजल्यावर तिने तो पहिल्याच आठवड्यात केला, आणि तो बरोबर आहे.

आता मुख्य गोष्ट. त्यासाठीच आज उभे राहिलो.

आपला मोठा तलाव राजा भोजाच्या काळचा, अकराव्या शतकातला. मोठा आणि छोटा तलाव मिळून भोज पाणथळ म्हणून २००२ साली रामसर यादीत गेला. शहराकडचा काठ आपण रोज बघतो. पलीकडचा, गावांकडचा काठ उथळ आहे, शेतांमध्ये पाणी शिरतं, आणि तिथे सारस राहतात. उभा राहिला की साडेपाच-सहा फूट, उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वात उंच. रामायणातला क्रौंच तो हाच, असं पुष्कळांचं मत आहे. गोंदिया-बालाघाटकडचं माहेर असलेल्या भगिनींना सारस ठाऊक असेल. वैनगंगेच्या दोन्ही काठांना, महाराष्ट्रातही आणि आपल्या मध्य प्रदेशातही, भाताच्या बांधीत तो घरटं करतो. घरटं म्हणजे पाण्यात गवताचा ढीग. अंडी बहुधा दोन. नर-मादी आळीपाळीने महिनाभर बसतात. आणि हे सगळं पावसाळ्यात, म्हणजे नेमकं आपले गणपती असतात तेव्हा.

२०१७च्याच सप्टेंबरात, चतुर्थीला तीन आठवडे झाले असतील, आम्हाला एक घरटं सापडलं. रस्त्यावरच्या पुलियापासून दीडशे मीटर. आम्ही गाडीतून उतरलोच नाही. उशी, कॅमेरा, सकाळचे साडेसात. मादी उठली, चोचीने अंडं हलकेच फिरवलं, परत बसली. तिला आमची दखलही नव्हती. कॅमेरा घेतल्याचं सार्थक झालं असं वाटलं, आणि त्या भरात आम्ही गाढवपणा केला. फोटो एका मोठ्या ग्रुपवर टाकला आणि खाली गावाचं नाव, पुलियाची खूण, सगळं लिहिलं. आपल्याच लोकांना आनंद व्हावा म्हणून. खोटं कशाला बोला, कौतुक व्हावं म्हणूनही.

पुढच्या रविवारी गेलो तर पुलियावर सहा गाड्या. बरेच जण मोबाईलवाले. मोबाईलमध्ये दीडशे मीटरवरचा सारस दिसत नाही, म्हणून बांधावरून आत चालत गेलेले. जोडी घरट्यावरून उठून पलीकडच्या शेतात उभी राहून ओरडत होती. तो आवाज एक-दीड किलोमीटर जातो. उघडी अंडी आम्हाला लेन्समधून स्पष्ट दिसत होती. आम्ही हॉर्न वाजवला, हात केले, एकदोघांशी भांडलो. एकाने विचारलं, "आपने फोटो लिया ना? तो हम क्यों न लें?" उत्तर नव्हतं.

शेतकरी तिथेच होते. धान तुडवलेलं. ते रागावले नव्हते, तेच जास्त लागलं. म्हणाले, "साहब, आपकी फोटो के बाद ही ये मेला लगा है." घरी येईपर्यंत आम्ही दोघं काही बोललो नाही. जिन्यात आल्यावर सौ. एवढंच म्हणाली, "आईंचा चंद्र." पण कृष्णावरचा आळ खोटा होता.

बुधवारी रजा टाकून गेलो. घरट्यात अंडी नव्हती. कावळा, कुत्रा की माणूस, कोणालाच सांगता येईना. तो फोटो आम्ही ग्रुपवरून काढला, पण तोवर तो कुठे कुठे पोचला होता. आमच्याकडच्या मूळ फोटोला आम्ही अजून हात लावत नाही.

त्यानंतर काय बदललं ते सांगतो. या कॅमेऱ्यात जीपीएस आहे. फोटो कुठे काढला ते फोटोच्या पोटात लिहिलं जातं. ते बंद केलं. ज्यांच्या मोबाईलमध्ये लोकेशन चालू आहे त्यांनी हे लक्षात घ्यावं. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला तर ती नोंद गळून जाते, पण डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जशीच्या तशी जाते. घरट्याचा फोटो त्या हंगामात कोणालाच दाखवायचा नाही, पिल्लं चालायला लागल्यावर दाखवायचा. आणि मघाचा आकडा: शंभर मीटरवर पावणेदोन मीटर. कॅमेरा उभा धरला तर शंभर मीटरवरून सारस डोक्यापासून पायापर्यंत चित्रात भरतो. मग पन्नास मीटरवर जायचं कशाला? लोक विचारतात, एवढा झूम असून आणखी जवळ का जात नाही. अहो, एवढा झूम आहे म्हणूनच.

त्या शेतकऱ्यांकडे आम्ही दुसऱ्या वर्षी गेलो, तेव्हा ते ओळखीचं हसले नाहीत. तिसऱ्या वर्षी चहा मिळाला. आता पाऊस लागला की त्यांचाच फोन येतो. जोडीने शेत बदललंय, पण फार लांब गेलेली नाही.

मधल्या काळात कॅमेऱ्याने दुसरंही पुष्कळ दाखवलं. २१ डिसेंबर २०२० रोजी गुरू आणि शनी आकाशात एक दशांश अंशावर आले होते, चंद्राच्या रुंदीचा पाचवा हिस्सा. आमच्या त्या एक अंशाच्या खिडकीत दोघे एकदम मावले. गुरूचे चंद्र, शनीची कडी. कोरोनामुळे शेजारी एकेक करून, मास्क लावून गच्चीवर आले. आई तेव्हा होती. शनीकडे बघायला ती तयार नव्हती, गुरूचे चंद्र मात्र मोजले.

आता आयोजक घड्याळ दाखवत आहेत. चहाच्या वेळी बरेच जण विचारतात, ते गाव कोणतं, रविवारी मुलांना घेऊन जातो. राग मानू नका, ते गाव आम्ही सांगणार नाही. या वर्षीही, आपण इथे आरती करून बसलोय तेव्हा, त्या शेतात एक सारस अंड्यांवर बसलेला आहे. मुलांना वनविहारच्या काठावर घेऊन जा, डिसेंबरात, सकाळी. वारकरी आम्ही स्वतः दाखवू, कॅमेरा प्रत्येकाच्या हातात देऊ.

मागच्या बाजूचे दिवे कोणी घालवतं का? धन्यवाद. हे पहिलं चित्र गेल्या वर्षीचं, दोनशे मीटरवरून. जरा रवा आहे, ढग होते. दोन मोठे सारस तर दिसतायत. त्यांच्या मध्ये, गवताच्या उंचीचं, तपकिरी रंगाचं काय आहे ते नीट बघा.