समुद्रावर आठ दिवस : धाडस आणि तयारी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला घरातल्याच एका बाईने चार शब्द बोलावेत असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. यंदा ती पाळी माझ्यावर आली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा कुणी ठेवू नये. विषय मात्र असा आहे की, गेल्या पंधरवड्यात निदान दहा जणींनी मला वाटेत थांबवून विचारले, "काय हो वहिनी, लेकीला समुद्राच्या तळाशी पाठवायला निघालात म्हणे?" त्या सर्वांना एकदमच उत्तर द्यावे, म्हणून हे भाषण.

गोष्ट अशी. माझी थोरली मुलगी हडपसरला नोकरी करते. पोहायला ती लहानपणीच शिकली. पुढे मालवणला जाऊन, पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली उतरण्याचे, म्हणजे स्कूबा डायव्हिंगचे, शिक्षण तिने घेतले. आता येत्या फेब्रुवारीत तीन मैत्रिणींबरोबर मालदीवला जावे, आठ दिवस बोटीवरच राहावे आणि समुद्रातले मोठाले प्राणी पाहावेत, असा तिचा बेत आहे. सासूबाई म्हणाल्या, "पाण्याशी आणि विस्तवाशी खेळ नको." हे म्हणाले, "तू ठरव." भगिनींनो, पुरुषमाणूस "तू ठरव" म्हणाला की सगळी जोखीम आपल्या डोक्यावर येते, हे तुम्हाला सांगावयास नको. मी लेकीला म्हटले, "आज मी हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. आधी सगळे मला समजावून सांग." मग महिनाभर रात्रीची झाकपाक झाली की आम्ही दोघी वही घेऊन बसत असू. त्या वहीतलेच आज सांगते.

माझा पहिला प्रश्न, बोटीवरच कशाला राहावयाचे? किनाऱ्यावर खोली घेऊन रोज पाण्यात उतरता येत नाही काय? त्याचे उत्तर असे की, मोठे प्राणी एका जागी बसून राहत नाहीत. अन्न जिकडे असेल तिकडे ते जातात. तेव्हा पाहणाऱ्याचा मुक्कामही चालता हवा. तुकोबांची पालखी आपल्या बाजूने लोणी काळभोरकडे जाते, तेव्हा दिंडीची भांडीकुंडी, पाण्याचा टँकर, अंथरुणे-पांघरुणे सारे तिच्याबरोबर चालत असते. बोटीवरची ही सहल तशीच. निजणे तिथे, जेवणे तिथे, आणि रोज दोन-तीनदा पाण्यात उतरणे. मालदीवमध्ये हवेच्या टाक्या एका वेगळ्या लहान बोटीत ठेवतात, तिला तिकडे धोणी म्हणतात.

अशी एक जागा आपल्या महाराष्ट्रातही आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर, भर समुद्रात, पाण्याखाली प्रवाळांचे विस्तीर्ण पठार आहे. सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या घराण्याचे नाव त्याला मिळाले आहे. आंग्रिया बँक असे त्याला म्हणतात. तिथे बेट नाही, पाण्याबाहेर डोकावणारा खडकही नाही, त्यामुळे जाणाऱ्याला बोटीवरच राहावे लागते. डिसेंबर २०१९ मध्ये शास्त्रज्ञांचे एक पथक जहाजावर राहून तिथली पाहणी करून आले. पण त्या पठाराचा माथाच सुमारे २० मीटर खोल, आणि पहिले शिक्षण घेतलेल्याला मर्यादा १८ मीटरची. म्हणून मुलींनी आधी मालवणला पाया पक्का केला. १९८७ मध्ये मालवणचा समुद्र अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि शेजारी तारकर्लीला सरकारी पर्यटन महामंडळाचे स्कूबाचे शिक्षणकेंद्र आहे. विहिरीत शिकून मग नदीत उतरावे, तसेच हे झाले. त्यानंतर ३० मीटरपर्यंतचे पुढचे शिक्षणही तिने घेतले, कारण मालदीवच्या ओढीच्या पाण्यात बहुतेक बोटी तेवढी तयारी मागतात.

दुसरा प्रश्न, पाहणार तरी काय? मला वाटले होते, माणसे खाणारे मासे. तसे नाही. मुलींना पाहावयाचे आहेत ते मुख्यतः दोन प्राणी, व्हेल शार्क आणि मांटा. व्हेल शार्क हा जगातला सर्वांत मोठा मासा. आपल्या बाजारात मुशी येते ना, तिच्याच कुळातला. पुष्कळदा तो दहा-बारा मीटर लांब भरतो, म्हणजे आपल्या एसटी बसइतका. एवढे धूड, पण खातो काय, तर डोळ्यांना नीट दिसतही नाहीत असे पाण्यातले बारीक जीव आणि लहान मासे. तोंड उघडून पाणी आत घ्यावयाचे आणि गाळून सोडावयाचे. माणूस गिळण्याजोगा त्याचा घसाच नाही. मांटा ही पाकटाची मोठी बहीण. पंख पसरले म्हणजे चार-चार मीटर रुंद, आणि आहार तसाच गाळीव. वर्षभर गर्भ वाहून मांटा एका वेळी बहुधा एकच पिल्लू देते. म्हणून मारल्या गेल्या तर त्यांची संख्या पुन्हा भरून यावयास फार काळ लागतो.

व्हेल शार्कविषयी मला लेकीने एक हकीगत सांगितली, ती तुम्हा सर्वांना आवडेल. गुजरातेत सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर पूर्वी हा मासा शेकड्यांनी मारीत. २००१ मध्ये कायद्याने त्याला वाघासारखे संरक्षण मिळाले. पण नुसत्या कायद्याने कोळ्यांचे मन कसे वळावे? २००४ मध्ये तिथे मोहीम निघाली आणि कथाकार मोरारीबापूंनी लोकांना सांगितले की, ही आपल्या किनाऱ्याला येते ती बाळंतपणाला माहेरी येणाऱ्या लेकीसारखी. तिला मारावयाचे नसते. तिचे नावच 'वहाली', म्हणजे लाडकी, असे पडले. पुढे कोळी आपली जाळी कापून तिला सोडू लागले. आपल्याकडेही डिसेंबर २०१८ पासून, जाळ्यात आलेला असा संरक्षित प्राणी जाळे कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला सरकार २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देते. जाळे म्हणजे कोळ्याचा संसार. तो कापून कुणाची तरी लेक सोडावयाची, ही साधी गोष्ट नव्हे.

तिसरा प्रश्न ऋतूचा. मुली म्हणाल्या, हे सगळे वाऱ्यावर ठरते. नैर्ऋत्येचा वारा, म्हणजे आपला पाऊस आणणारा, वाहत असतो तेव्हा मांटा प्रवाळबेटांच्या पूर्वेच्या अंगाला जमतात. ईशान्येचा वारा सुरू झाला की पश्चिमेच्या अंगाला. बारीक जीव प्रवाहाबरोबर जिकडे साठतात, तिकडे त्या जातात. पावसाळ्यात बा नावाच्या बेटसमूहातील हनीफारू या आखातात त्यांचे थवे येतात, पण तिथे टाकी बांधून उतरण्यास बंदी आहे, वरूनच पोहत पाहावे लागते. फेब्रुवारीत पाणी निवळ असते, आणि दक्षिण आरी या बेटसमूहाजवळ व्हेल शार्क बारा महिने दिसतो. म्हणून तो महिना निवडला. तरी प्राणी दिसेलच असा शब्द कुणी देऊ शकत नाही. जो बोटवाला असा शब्द देतो त्याच्याशी व्यवहार करू नये, असे मी वहीत ठळक लिहून ठेवले.

आता मुख्य गोष्ट. आपण भितो कशाला, आणि भ्यावयास हवे कशाला? सासूबाईंना भीती मोठ्या माशाची, खोल पाण्याची. मी चौकशी करू लागले तेव्हा दिसले की, धोका बराचसा निराळ्याच जागी असतो. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघे दगावले. पाण्याखाली नव्हे, परतीच्या बोटीत. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ २ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे 'कन्सेप्शन' नावाच्या अशाच मुक्कामाच्या बोटीला आग लागली आणि खाली निजलेली ३४ माणसे गेली. रात्री फिरता पहारा ठेवलेला नव्हता, हे चौकशीत उघड झाले, आणि २०२४ मध्ये कप्तानाला चार वर्षांची शिक्षा झाली. त्या बिचाऱ्यांना कुठल्या माशाने खाल्ले नाही.

म्हणून बोटवाल्याला विचारावयाचे प्रश्न मी लेकीकडून लिहून घेतले आणि उत्तरे आल्याशिवाय पैसे भरू दिले नाहीत. रात्रभर जागा कोण असतो? निजण्याच्या जागेतून बाहेर पडावयास दोन वाटा आहेत काय? मोबाइल आणि दिव्यांच्या बॅटऱ्या कुठे चार्ज करावयाच्या, निजण्याच्या खोलीत की उघड्यावर? माणशी लाइफ जॅकेट आहे काय? आजारी माणसाला देण्यास ऑक्सिजन आहे काय? बुडीचा विकार झाला तर उपचाराची दाबाची खोली सर्वांत जवळ कुठे आहे? एका बोटवाल्याने "काळजी करू नका मॅडम" एवढेच उत्तर पाठविले. त्याला आम्ही सोडले. दुसऱ्याने एकेक उत्तर लिहून दिले, त्याच्याकडे नाव नोंदविले. गोड बोलणे आणि उत्तर देणे यांत फरक आहे, हे घर चालविणाऱ्या बाईला कळते.

पाण्याखालचे धोकेही आहेत, पण ते समजण्यासारखे आहेत. दहा मीटर खाली पाण्याचा दाब वरच्या दुप्पट होतो. तिथे छातीत भरलेली हवा वर येताना दुपटीने फुगते. म्हणून श्वास कधीही रोखून धरावयाचा नाही. शिवाय खाली असताना हवेतला नायट्रोजन रक्तात मुरतो. भरभर वर आले तर, सोडावॉटरची बाटली एकदम उघडल्यावर होते तसे, अंगात बुडबुडे धरतात. म्हणून हळूहळू वर यावयाचे आणि पाच मीटरवर तीन मिनिटे थांबावयाचे. याच कारणाने शेवटची बुडी आणि परतीचे विमान यांत निदान १८ तासांचे अंतर हवे. मुलींनी पुरता एक दिवस राखला आहे. नेहमी जोडीने राहावयाचे आणि खुणेने बोलावयाचे. गंमत म्हणजे तिथे अंगठा वर केला की "छान" असा अर्थ होत नाही, "वर चला" असा होतो.

तब्येतीचे म्हणाल तर दमा, हृदयविकार, फेफरे, कानाचे दुखणे असणाऱ्याने डॉक्टरांच्या परवानगीशिवाय उतरू नये. गर्भारपणी तर मुळीच नाही. महिन्याच्या अडचणीचे दोघी-तिघींनी हळूच विचारले, म्हणून मोकळेपणी सांगते. त्या दिवसांत उतरू नये असा वैद्यकीय नियम नाही आणि त्याने मासे धावून येतात हीही अफवाच. सर्दी मात्र झाली असेल तर त्या दिवशी बोटीवर बसून राहावे, कारण कान फुटण्याची भीती असते. बांगड्या, साखळ्या घरी ठेवाव्यात आणि केसांची घट्ट वेणी घालावी, कारण डोळ्यांवरच्या चष्म्याच्या कडेत केस अडकले की पाणी आत शिरते.

खर्चाचे आकडे मोसमागणिक बदलतात, ते सांगत नाही. पण विसरली जाणारी कलमे सांगते. बोटीच्या भाड्याखेरीज विमान, सामानाचे भाडे, बेटांवरची शुल्के, खलाशांना बक्षिसी, आणि बुडीचा विकार धरून असलेला विमा. नेहमीच्या प्रवासविम्यात तो बहुधा नसतो. मुलीने दीड वर्ष भिशी लावून आपल्या पगारातून पैसे साठविले. घरातून एक पैसा मागितला नाही.

राहिली रीतभात. व्हेल शार्कपासून तीन-चार मीटर दूर राहावयाचे, हात लावावयाचा नाही, वाट अडवावयाची नाही, फ्लॅश पाडावयाचा नाही. आपण त्याच्या घरी पाहुण्या आहोत. पाहुणीने न विचारता माजघरात शिरू नये, एवढे आपण मुलींना शिकवितोच.

हे सारे सासूबाईंना एके दिवशी दुपारी वाचून दाखविले. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "भीती गेली नाही माझी. पण पोरीने एवढे विचारून ठेवले आहे, तर जाऊ दे." मीही तेच म्हणते. माझीही भीती गेलेली नाही. पण भीतीला आता नीट जागा सापडली आहे. ती पहारेकऱ्यापाशी आहे, विम्याच्या कागदापाशी आहे, हळू वर येण्यापाशी आहे. मुलीला घरात बसविण्यापाशी ती नाही. म्हणून मी होकार दिला.

जाता जाता मंडळापुढे एक मागणी मांडते. आपल्या मुळा-मुठेचे पाणी भीमेला, कृष्णेला मिळून पूर्वेच्या समुद्राला जाते. पश्चिमेचा समुद्र आपल्याला तसा परकाच. पण नदी आणि विहिरी तर दाराशी आहेत, आणि पोहता येणाऱ्या बाया आपल्यात किती आहेत? आज इथे हात वर करावयास सांगितले तर मोजून पाच-सहा हात येतील, आणि त्यांत माझा नसेल. मालदीवला सगळ्यांनी जावे असे मी म्हणत नाही. पण येत्या उन्हाळ्यात मुलींसाठी आणि बायांसाठी, बाई शिक्षिका ठेवून, पोहण्याचा वर्ग मंडळाने काढावा. पहिले नाव माझे लिहून घ्यावे. सासूबाईंनी काठावर बसून टॉवेल सांभाळण्याचे कबूल केले आहे.