अम्मीचं खोबरं आणि माझा पासवर्ड



मी कॉम्प्युटरवर काम करणारा माणूस, माइकसमोर बोलायची सवय नाही. आयोजकांनी विषय दिला होता, ‘डिजिटल युगातला खासगीपणा’. एवढा मोठा विषय माझ्या आवाक्यातला नाही, म्हणून मी फक्त विमानतळावरच्या बॅगेबद्दल बोलणार आहे. इथे किती जणांच्या घरातलं कुणी आखातात आहे, जरा हात वर करा. बघा, निम्मे तरी आहात. म्हणजे विषय घरचाच आहे.

पहिला किस्सा मुंबईचा. कंपनीच्या कामासाठी पहिल्यांदाच परदेशी निघालो होतो. चेक-इन झालं, बॅग पट्ट्यावरून आत गेली आणि थोड्या वेळानं माझं नाव पुकारलं गेलं. पूर्ण नाव, अब्बांच्या नावासकट. तिथं पोहोचेपर्यंतच्या दोन मिनिटांत माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं, ते तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. मी तोंडातल्या तोंडात भांडणाची तयारीही केली होती. बॅग उघडली. शर्टांच्या घड्यांमध्ये सुक्या खोबऱ्याच्या वाट्या निघाल्या. अम्मीनं मला न सांगता ठेवलेल्या.

“सर, सुकं खोबरं चालत नाही,” एवढंच ते म्हणाले. खोबऱ्यात तेल असतं, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमान वाहतुकीच्या नियमांत ते धोकादायक मालात मोडतं. माझ्या शेजारी रत्नागिरीचे एक काका उभे होते, कपाळाला गंध लावलेले. त्यांच्याही बॅगेतून तेच निघालं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि हसलो. भांडणाची तयारी वाया गेली.

हा किस्सा आधी सांगतो, कारण आपल्या मनात एक गाठ बसलेली असते. बॅग थांबली की आपल्याला वाटतं, नावामुळे थांबली. पण त्या यंत्राला नाव माहीतच नसतं. एक्स-रेच्या पडद्यावर अन्न, कागद, कापड, प्लॅस्टिक नारिंगी दिसतं, लोखंड-तांबं निळं दिसतं, मधलं काही असेल तर हिरवं. स्फोटकंही बहुतेक त्या नारिंगी कुटुंबातलीच, फक्त घट्ट. त्यामुळे घट्ट दाबलेला खजूर, हलवा, चीजचा ठोकळा, जाडजूड पुस्तक, या सगळ्यांवर यंत्राला शंका येते. सीटी स्कॅनर असेल तर तो वस्तूची घनता मोजतो, पण घनतेच्या बाबतीत खजूर बदनामच आहे. उमऱ्याहून येणाऱ्यांच्या बॅगा थांबतात, त्यामागे पुष्कळदा हे साधं पदार्थविज्ञान असतं. (तुम्ही म्हणाल, हा इंजिनिअर यंत्राची वकिली करतोय. थोडी करतोय.)

तपासणी हवीच, यावर माझ्या मनात शंका नाही. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचं ‘कनिष्क’ आयर्लंडजवळ समुद्रावर फुटलं, ३२९ माणसं गेली. बॉम्ब चेक-इन केलेल्या बॅगेत होता. बॅग विमानात चढली, बॅगेचा प्रवासी चढलाच नाही. टोरंटोमध्ये बॅगा तपासणारं एक्स-रे यंत्र त्या दिवशी बंद पडलं होतं. १९८८ मध्ये लॉकरबीवर पॅन अ‍ॅमचं विमान पडलं, २७० मृत्यू, तिथंही प्रवाशाविना बॅग. आज तुम्ही गेटवर पोहोचला नाहीत तर तुमची बॅग शोधून खाली उतरवतात आणि विमानाला उशीर होतो, त्यामागे हे मृत्यू आहेत. तेव्हा वैतागू नका.

पण सुरक्षा नेमकी कशानं झाली असती ते पाहा. बॅग आणि प्रवासी यांची जोडी जुळवण्यानं. प्रवाशाचा चेहरा वाचण्यानं नव्हे. एप्रिल १९८६ मध्ये हीथ्रोवर अ‍ॅन मरी मर्फी नावाची एक आयरिश तरुणी तेल अवीवच्या विमानात बसायला निघाली होती, गरोदर होती. होणाऱ्या नवऱ्यानं तिच्या बॅगेच्या चोरतळात स्फोटकं दडवली होती आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता. इस्रायली विमान कंपनीच्या लोकांनी तिला प्रवासाबद्दल प्रश्न विचारले, बॅग रिकामी केली, तरी ती जड लागली, म्हणून सापडलं. संशयितांची यादी कुणी नाव-धर्म बघून केली असती, तर ती त्यात कधीच आली नसती.

आता दुसरा किस्सा. हा मी आजवर घराबाहेर कुणाला सांगितलेला नाही. विमानतळाचं नाव घेत नाही, परदेशातलं होतं. उतरल्यावर मला बाजूला घेतलं. बॅग उघडली, सगळं काढलं, काही सापडलं नाही, बॅग बंद केली. इथवर माझी तक्रार नाही. मग प्रश्न सुरू झाले. कुठल्या मशिदीत जाता? लग्न झालंय का? मित्र कोण? आणि शेवटी, फोन अनलॉक करून द्या. मी दिला. एका सेकंदात दिला. पुढच्या विमानाची वेळ झाली होती आणि मी घाबरलो होतो. फोन वीस मिनिटं आतल्या खोलीत होता.

परत मिळाल्यावर मला पहिली आठवण माझ्या बहिणीची झाली. घरच्या लग्नातले तिचे फोटो त्यात होते, डोक्यावर ओढणी नसलेले. ती परक्या माणसासमोर तशी कधी जात नाही. एका मित्राची घटस्फोटाची बोलणी होती. अब्बांचे वैद्यकीय रिपोर्ट होते. मी माझा खासगीपणा दिला असतो तर तो माझा प्रश्न होता. मी त्या सगळ्यांचा देऊन बसलो होतो, न विचारता. बहिणीला सांगितलं तेव्हा ती रागावली नाही, गप्प बसली. रागावली असती तर बरं झालं असतं.

बॅगेच्या तपासणीत प्रश्न असतो, या वस्तूनं विमानाला धोका आहे का. फोन उघडला की प्रश्न बदलतो, तू कोण आहेस. खोबऱ्याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असतं आणि तिथं संपतं. दुसरा प्रश्न कधी संपत नाही.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. तुमच्या सुटकेसच्या कुलपावर लाल चौकोनी खूण असते, पाहिलीत? ती अमेरिकेच्या टीएसए या विमानतळ सुरक्षा यंत्रणेनं मान्य केलेली कुलपं. २००१ नंतर तिथं प्रत्येक बॅग तपासायची ठरली. कुलूप तोडायला नको म्हणून कल्पना निघाली की सगळ्या कुलपांना चालतील अशा मोजक्या मास्टर चाव्या करायच्या आणि त्या फक्त सरकारकडे ठेवायच्या. ‘फक्त’ हा शब्द लक्षात ठेवा. २०१४ मध्ये एका मोठ्या अमेरिकन वर्तमानपत्राच्या लेखासोबत त्या चाव्यांचा फोटो छापून आला, दाते स्वच्छ दिसत होते. २०१५ मध्ये लोकांनी त्यावरून फाइली बनवल्या आणि घरच्या थ्रीडी प्रिंटरवर चाव्या छापल्या. उघडली कुलपं. एक चावी फोटोत नव्हती, तर २०१६ मध्ये काही हॅकर मंडळींनी बाजारातली कुलपं विकत घेऊन आतली रचना तपासली आणि तीही काढली.

हे मी कुलपाबद्दल बोलत नाही, तुमच्या लक्षात आलंच असेल. २०२१ च्या आपल्या आयटी नियमांत आहे की मोठ्या मेसेजिंग अ‍ॅपनी मेसेज पहिल्यांदा कुणी पाठवला ते शोधून देता आलं पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅप त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. सरकारचा हेतू चांगला असेलही. पण एक चावी बनवली की ती कुणाकुणाच्या खिशात जाईल हे बनवणारा ठरवू शकत नाही. असे ‘फक्त अ‍ॅडमिनसाठी’ ठेवलेले दरवाजे मी स्वतः कामात ठेवलेत आणि ते सापडल्यावर रात्रभर जागलोही आहे.

डिजियात्राबद्दल विचारणार असाल तर थोडक्यात सांगतो. ते ऐच्छिक आहे, विमान सुटल्यावर २४ तासांत माहिती पुसली जाते असं सरकार सांगतं. ते चालवणाऱ्या संस्थेत २६ टक्के वाटा विमानतळ प्राधिकरणाचा आणि बाकीचा पाच विमानतळ कंपन्यांचा आहे. त्यामुळे माहिती अधिकारातून काही विचारायला गेलं की दार बंद. रांग लहान असते हे खरं. मी मोठ्या रांगेत उभा राहतो.

व्यवहाराचं बोलू. आपल्याकडे विमानतळावर वेगवेगळी माणसं वेगवेगळ्या अधिकारानं उभी असतात. सीआयएसएफचं काम सुरक्षेचं, कस्टम्सचं मालाचं, इमिग्रेशनचं कागदांचं. कस्टम्सनं अंगझडती घ्यायची म्हटलं तर कस्टम्स कायद्याच्या कलम १०२ प्रमाणे तुम्ही राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर नेण्याची मागणी करू शकता. बाईची झडती बाईच घेणार. हिजाब तपासायचा असेल तर पडद्याआड, महिला जवानाकडून, हे शांतपणे मागा, अडचण येत नाही.

परदेशात मात्र आपला कायदा चालत नाही. ब्रिटनमध्ये मुहम्मद रब्बानी या ब्रिटिश कार्यकर्त्यानं २०१६ मध्ये हीथ्रोवर पासवर्ड नाकारला आणि २०१७ मध्ये कोर्टानं त्याला दोषी ठरवलं. तिथं दहशतवादविरोधी कायद्याखाली कसलाही संशय नसताना थांबवता येतं. अमेरिकेत व्हिसावर जाणाऱ्याला दारातूनच परत पाठवू शकतात. म्हणून तिथं शौर्य दाखवा असं मी सांगणार नाही. खोटं तर अजिबात बोलू नका आणि त्यांच्यासमोर काही पुसत बसू नका. जे करायचं ते घरी करा. मी आता प्रवासाला जुना फोन नेतो, त्यात तिकीट, नकाशा आणि घरचे चार नंबर. फोटो घरच्या हार्ड डिस्कवर असतात. उतरायच्या आधी फोन पूर्ण बंद करतो, म्हणजे बोट लावून उघडत नाही.

आणि पासपोर्टावर नाव पूर्ण लिहा. एका कागदावर मोहम्मद, दुसऱ्यावर मोहद, तिसऱ्यावर एमडी, असं असलं की यादीतल्या दुसऱ्याच माणसाशी तुम्ही जुळता. २००४ मध्ये सिनेटर टेड केनेडींना नावसाधर्म्यामुळे विमानतळांवर अडवलं होतं. ते केनेडी होते, त्यांनी वर फोन लावले, तरी निस्तरायला आठवडे गेले. अमेरिकेला जाणाऱ्यांपैकी कुणाला दर वेळी अडवत असतील तर तिथल्या गृहसुरक्षा खात्याकडे अर्ज करून तक्रार निवारण क्रमांक मिळतो, तो तिकिटावर घालता येतो.

गेल्या महिन्यात पुन्हा निघालो तेव्हा अम्मीनं विचारलं, खोबरं नाही तर मग काय देऊ. म्हटलं, लसणाची चटणी दे. तिनं दिली. त्यातही खोबरं असतं, हे मला बॅग आत गेल्यावर आठवलं.

मागच्या रांगेतल्या ताईंनी मघापासून हात वर केलाय. बोला.